फायरवॉलवर अडकलेले तुकडे

व्हीपीएन जोडले जाते, पिंगला उत्तर येते, लॉगिनचे पान उघडते आणि त्यापुढचे पान पांढरेच राहते. छोटी फाइल चटकन उतरते, मोठी जागची हलत नाही. शाखेतला कर्मचारी म्हणतो नेट बंद आहे, नेटवर्क विभाग म्हणतो लिंक चालू आहे, सर्व्हर सांभाळणारे म्हणतात आमच्यापर्यंत विनंतीच पोचली नाही. तिघेही खरे सांगत असतात, आणि म्हणूनच ही तक्रार दिवसेंदिवस एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहते. लहान चालते, मोठे अडते, ही या बिघाडाची सर्वांत भरवशाची खूण.

पॅकेटचे तुकडे होण्यातून, म्हणजे फ्रॅगमेंटेशनमधून, उद्भवणारे असे बिघाड शोधणे अवघड जाते, कारण दोष एका ठिकाणी बसलेला नसतो. तुकडे एक उपकरण करते, ते दुसरे टाकून देते, आणि टाकल्याची बातमी तिसरे अडवते. फायरवॉल बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या भूमिकेत असते. तरी तक्रार आली की हात पहिल्यांदा तिच्याच सेटिंगकडे जातो आणि कोणीतरी 'फ्रॅगमेंटला परवानगी द्या' असे लिहून मोकळे होते. माझे ठाम मत आहे की तुकडे कुठे झाले आणि का झाले हे कळेपर्यंत त्या सेटिंगला हात लावू नये. चाळीसेक वर्षांत या प्रश्नावर जे काही लिहिले आणि शिकले गेले, ते पाहिले तर हे मत का बनते ते समजेल.

सप्टेंबर १९८१मध्ये जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली आरएफसी ७९१ हा दस्तऐवज आला आणि आजचा आयपीव्ही४ त्यात ठरला. वेगवेगळ्या जातीची नेटवर्क एकमेकांना जोडायची होती आणि प्रत्येकाची एका वेळी वाहून नेण्याची क्षमता, म्हणजे एमटीयू, निराळी होती. इथरनेटची १५०० बाइट, पुढे आलेल्या एफडीडीआयची ४३५२. वाटेतल्या राउटरला पुढची वाट अरुंद दिसली तर त्याने पॅकेटचे तुकडे करावेत आणि शेवटच्या यंत्राने ते जोडावेत, असे ठरले. त्यासाठी हेडरमध्ये तीन गोष्टी ठेवल्या गेल्या: सर्व तुकड्यांवर सारखा असणारा १६ बिटांचा ओळखक्रमांक, तुकडा मूळ पॅकेटात कुठे बसतो ते आठ-आठ बाइटांच्या मापात सांगणारा १३ बिटांचा ऑफसेट, आणि दोन झेंडे. 'अजून तुकडे आहेत' सांगणारा एमएफ, आणि 'तुकडे करू नका' सांगणारा डीएफ.

४००० बाइटांचे एक यूडीपी पॅकेट १५००च्या वाटेवर आले असे धरू. २० बाइटांचे हेडर वजा जाता ३९८० बाइट उरतात. त्यांचे १४८०, १४८० आणि १०२० असे तीन भाग होतात, ऑफसेट अनुक्रमे ०, १८५ आणि ३७०. प्रत्येक भागाला स्वतःचे आयपी हेडर मिळते. पण यूडीपीचे हेडर, म्हणजे कोणत्या पोर्टवरून कोणत्या पोर्टला हे सांगणारे आठ बाइट, पहिल्याच भागात जाते. गृहसंकुलाचा पत्ता तिन्ही पाकिटांवर लिहिलेला असावा आणि फ्लॅटचा क्रमांक मात्र एकाच पाकिटावर, तशी ही स्थिती. रस्त्यातल्या टपालवाल्याला फरक पडत नाही, फाटकावरच्या पहारेकऱ्याला पडतो. फायरवॉलचा जवळजवळ प्रत्येक नियम पोर्ट पाहून ठरतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्यात पोर्ट नसतो.

यातला एक तुकडा हरवला तर तिन्ही वाया जातात. आयपीच्या थरावर फक्त हरवलेला तुकडा पुन्हा मागण्याची सोय नाही. टीसीपी असेल तर अख्खा सेगमेंट पुन्हा जातो आणि पुन्हा तुकडे होतात. यूडीपी असेल तर अॅप्लिकेशन वाट पाहत बसते. ख्रिस्तोफर केंट आणि जेफ्री मोगल यांनी १९८७मध्येच 'फ्रॅगमेंटेशन कन्सिडर्ड हार्मफुल' हा निबंध लिहून ही नासाडी दाखवून दिली होती. तेव्हा आजच्या अर्थाने फायरवॉल अस्तित्वातही नव्हती. म्हणजे हा दोष सुरक्षेच्या उपकरणांनी आणलेला नाही. तो मूळचाच, फायरवॉलने तो उघडा केला.

सोयीची किंमत किती विचित्र असते ते पीपीपीओई जोडणीवर दिसते. आपल्याकडे बीएसएनएलच्या एडीएसएलपासून आजच्या अनेक फायबर जोडण्यांपर्यंत हीच पद्धत आहे, आणि तिच्यात आठ बाइट खर्ची पडून एमटीयू १४९२ होतो. १५०० बाइटांचे पॅकेट तिथे आले आणि तुकडे करायची मुभा असली तर पहिला तुकडा १४९२ बाइटांचा होतो आणि दुसऱ्यात आठ बाइटांची माहिती उरते. हेडर धरून २८ बाइट. आठ बाइटांसाठी प्रत्येक भरलेल्या पॅकेटमागे एक जादा पॅकेट. फायरवॉलची क्षमता सेकंदाला किती पॅकेट हाताळते यावर मोजतात, त्यामुळे वाहतूक न वाढता तिच्यावरचा भार दुप्पट होतो.

फायरवॉल तुकड्यांशी इतकी कठोर का वागते, याचे उत्तर नव्वदच्या दशकात आहे. १९९६-९७मध्ये 'पिंग ऑफ डेथ' गाजला. आयपी पॅकेट ६५,५३५ बाइटांहून मोठे असू शकत नाही, पण ऑफसेटची कमाल किंमत ८१९१, म्हणजे ६५,५२८ बाइट. शेवटचा तुकडा त्या जागी ठेवून त्यात सातहून अधिक बाइट भरले की जोडलेले पॅकेट मर्यादेबाहेर जाते, आणि त्या काळातल्या कित्येक ऑपरेटिंग सिस्टिम अशा वेळी कोसळत. १९९७मध्ये 'टियरड्रॉप' आला. त्याचे तुकडे एकमेकांवर चढतील अशा ऑफसेटचे असत आणि जोडणाऱ्या कोडचे गणित उणे संख्येत जाई.

यांच्याहून अधिक काळ पुरलेला धोका आरएफसी १८५८ने १९९५मध्ये मांडला होता. तुकड्यात कमीत कमी आठ बाइट माहिती असू शकते. टीसीपी हेडरच्या पहिल्या आठ बाइटांत दोन्ही पोर्ट आणि अनुक्रमांक येतात, झेंडे मात्र पुढे राहतात. जोडणी सुरू करणारे सिन पॅकेट अडवायचा नियम असेल तर तो झेंडा दुसऱ्या तुकड्यात लपतो आणि पहिला तुकडा निरपराध दिसतो. १९९८मध्ये टॉमस टाचेक आणि टिमथी न्यूशॅम यांनी दाखवले की एकमेकांवर चढणारे तुकडे वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम वेगवेगळ्या रीतीने जोडतात. कोणी आधीचा बाइट ठेवते, कोणी नंतरचा. वाटेवरचे पहारा देणारे उपकरण एक मजकूर वाचते आणि सर्व्हर दुसराच.

यावर उपाय एकच होता: फायरवॉलने स्वतः तुकडे जमवायचे, जोडून पाहायचे आणि मग निर्णय घ्यायचा. ओपनबीएसडीच्या पीएफमध्ये 'स्क्रब' हे काम करीत असे. लिनक्समध्ये जोडण्यांचा माग ठेवणारी यंत्रणा चालू असली की नियमांपुढे पॅकेट येण्याआधीच तुकडे जोडले जातात. म्हणून तिथे फ्रॅगमेंटसाठी लिहिलेला वेगळा नियम कधीच जुळत नाही, आणि तो काम का करीत नाही याचा शोध घेण्यात माणसांचे तास जातात. सिस्कोच्या एएसएवर या जोडणीच्या मुळातल्या मर्यादा अशा: प्रत्येक इंटरफेसवर वाट पाहणारे २०० तुकडे, एका पॅकेटचे फार तर २४ तुकडे, आणि सगळे जमायला ५ सेकंद. लिनक्सची प्रतीक्षा ३० सेकंदांची आहे.

तुकडे जमवायचे म्हणजे ते कुठेतरी साठवायचे, आणि साठा म्हटला की तो भरून टाकणारे येतातच. २०१८च्या ऑगस्टमध्ये 'फ्रॅगमेंटस्मॅक' उघड झाला. लिनक्समध्ये तुकड्यांसाठीची स्मृती ४ एमबीपर्यंत वाढवलेली होती, आणि मुद्दाम उलटसुलट पाठवलेल्या तुकड्यांची जागा शोधण्यातच प्रोसेसर अडकून पडे. तात्पुरता उपाय म्हणून ती मर्यादा पुन्हा २५६ केबीवर आणायला सांगितले गेले. या घटनेचे पडसाद अजून आहेत: मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युरवरचे आभासी नेटवर्क क्रमाने न आलेले तुकडे टाकून देते. तिथे यंत्रणा हलवल्यावर आधी सुरळीत चालणारे एखादे यूडीपी अॅप्लिकेशन अधूनमधून दगा देऊ लागले, तर कारण त्या निर्णयात असू शकते. ग्राहकाच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये मग कितीही शोधले तरी काही सापडत नाही.

तुकडे घातक आहेत हे मान्य झाल्यावर ते होऊच न देण्याचा मार्ग १९९०च्या नोव्हेंबरात आला. मोगल आणि स्टीव्ह डीरिंग यांच्या आरएफसी ११९१मध्ये पाठवणाऱ्याने प्रत्येक पॅकेटवर डीएफ झेंडा लावायचे ठरले. वाट अरुंद असेल तर राउटर पॅकेट टाकून देतो आणि आयसीएमपीचा प्रकार ३, कोड ४ हा संदेश मागे पाठवतो: 'तुकडे करावे लागले असते, पुढचा एमटीयू इतका आहे.' पाठवणारा त्या मापाचे पॅकेट बनवतो. कल्पना सुरेख आहे, पण तिचा जीव त्या एका परत येणाऱ्या संदेशात आहे.

आणि तो संदेश सरसकट अडवला गेला. आयसीएमपी म्हणजे पिंग, पिंग म्हणजे हल्लेखोराला मिळणारी माहिती, तेव्हा आयसीएमपी बंद, ही सवय सुरक्षा-तपासणीच्या याद्यांतून देशोदेशीच्या फायरवॉलमध्ये गेली. आरएफसी २९२३ने २०००मध्ये या स्थितीला 'ब्लॅक होल' म्हटले: पॅकेट नाहीसे होते, पाठवणाऱ्याला बातमी नाही, तो तेवढ्याच आकाराचे पॅकेट पुन्हा पाठवतो. मला या साऱ्या प्रश्नातली सर्वांत खेदाची गोष्ट हीच वाटते. एका ओळीच्या आळशी नियमामुळे लाखो लोकांनी आपल्या जोडणीला, संगणकाला आणि कधी कधी स्वतःला दोष दिला.

संदेश अडवण्याचे इतर, कमी दिसणारे मार्गही आहेत. सेवा पुरवठादाराच्या आतल्या राउटरला १० ने सुरू होणारा खासगी पत्ता असेल तर त्याने पाठवलेला आयसीएमपी संदेश त्याच पत्त्यावरून येतो, आणि इंटरनेटच्या बाजूने खासगी पत्ता आला म्हणून फायरवॉल तो बनावट समजून टाकते. नॅट करणाऱ्या उपकरणाने संदेशाच्या पोटातले मूळ हेडर उलट बदलून दिले नाही, तर तो आतल्या यंत्राला निरर्थक ठरतो. मोठ्या संकेतस्थळांत एकाच पत्त्यामागे अनेक सर्व्हर असतात आणि संदेश भलत्याच सर्व्हरकडे जातो. क्लाउडफ्लेअरने २०१५मध्ये यावर उपाय म्हणून असे संदेश सर्व सर्व्हरना वाटणारा छोटा प्रोग्राम लिहून खुला केला होता.

आजचे तुकडे मुख्यतः येतात ते बोगद्यांतून, म्हणजे टनेलमधून. पॅकेटला आणखी एक वेष्टन चढते आणि आकार वाढतो. जीआरई २४ बाइट घेते, व्हीएक्सलॅन ५०, आयपीसेक निवडलेल्या संकेतनानुसार साधारण ५० ते ८०. नॅटमधून जाण्यासाठी आयपीसेकला यूडीपीचे आणखी आठ लागतात. घरी पीपीपीओई, त्यावर कार्यालयाचे व्हीपीएन, पुढे क्लाउडकडे जाणारा दुसरा टनेल, अशी वेष्टने एकावर एक चढतात. गूगल क्लाउडच्या नेटवर्कचा एमटीयू मुळातच १४६० आहे. १५०० हा आकडा सगळीकडे खरा असतो हे गृहीतक आता कुठेच धरता येत नाही.

आयपीसेकमध्ये तुकडे संकेतनाच्या आधी झाले की नंतर, यालाही महत्त्व आहे. आधी झाले तर प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे उलगडला जातो आणि जोडण्याचे काम शेवटच्या यंत्राकडे जाते. नंतर झाले तर पलीकडच्या गेटवेला आधी तुकडे जोडावे लागतात आणि मगच उलगडता येते. टनेल उभा आहे, वेग मात्र अपेक्षेच्या कितीतरी खाली, आणि गेटवेचा प्रोसेसर तापलेला, असे दिसले की इथे पाहावे.

दुसरा उगम म्हणजे मोठा मजकूर यूडीपीवरून पाठवणारे प्रोटोकॉल. कार्यालयांच्या वाय-फायमध्ये प्रमाणपत्रावर आधारलेली ओळख तपासताना रेडियस पॅकेटात प्रमाणपत्रांची साखळी असते, आणि ते सहज १५००च्या पुढे जाते. पासवर्ड वापरणारे लोक आत येतात, प्रमाणपत्रवाले येत नाहीत. दोष प्रमाणपत्रांना दिला जातो आणि ती पुन्हा पुन्हा काढली जातात, तर खरा दोष शाखा आणि मुख्यालय यांच्यामधल्या फायरवॉलवर टाकल्या गेलेल्या दुसऱ्या तुकड्यात असतो. फोनसाठीच्या सिप प्रोटोकॉलने ही अडचण आधीच ओळखली होती. आरएफसी ३२६१ सांगते की वाटेचा एमटीयू ठाऊक नसेल आणि विनंती १३०० बाइटांहून मोठी असेल तर ती टीसीपीसारख्या वाटेने पाठवावी. कित्येक उपकरणे हे पाळत नाहीत.

डीएनएसची कथा यात सर्वांत बोलकी आहे. मुळात त्याच्या यूडीपी उत्तराला ५१२ बाइटांची मर्यादा होती. १९९९च्या विस्ताराने ती वाढवता आली आणि ४०९६ हा आकडा रूढ झाला. डीएनएससेकच्या सह्यांनी उत्तरे फुगली, तुकडे होऊ लागले, फायरवॉल ते टाकू लागल्या. मग सुरक्षेचा प्रश्न निघाला. अमीर हर्झबर्ग आणि हाया शुलमन यांनी २०१३मध्ये दाखवले की उत्तराचा खरेपणा तपासणारे आकडे, म्हणजे पोर्ट आणि व्यवहारक्रमांक, पहिल्या तुकड्यात असतात. हल्लेखोराने फक्त दुसरा तुकडा खोटा घुसवला, तर त्याला १६ बिटांचा ओळखक्रमांक तेवढा जमवावा लागतो. शेवटी १ ऑक्टोबर २०२० हा 'डीएनएस फ्लॅग डे' ठरवून सर्व्हर बनवणाऱ्यांनी मूळ मर्यादा १२३२ बाइटांवर आणली. आयपीव्ही६ची हमी असलेला किमान एमटीयू १२८०, त्यातून हेडरचे ४० आणि यूडीपीचे ८ वजा केले की हा आकडा येतो. उत्तर त्याहून मोठे असेल तर टीसीपीने विचारायचे. फायरवॉलवर ५३ क्रमांकाच्या पोर्टला फक्त यूडीपीची परवानगी देण्याची जुनी सवय असेल, तर हा सुज्ञ उपायही तिथेच आपटतो.

आता शोधाच्या पद्धतीकडे. माझ्या दृष्टीने क्रम महत्त्वाचा आहे, कारण या बिघाडात साधने फसवतात.

सुरुवात आकाराने करावी. लिनक्स किंवा विंडोजच्या पिंगला डीएफ झेंडा लावून १४७२ बाइटांची माहिती पाठवता येते. आयसीएमपीचे आठ आणि आयपीचे वीस मिळून ती बरोबर १५०० होते. ती जात नसेल तर आकडा कमी करत जावा आणि जिथे उत्तर येऊ लागते तिथे थांबावे. १४६४ला आले तर वाटेत १४९२चा टप्पा आहे, म्हणजे पीपीपीओईकडे बोट. १४००च्या खाली आले तर टनेल. यातले उत्तर कसे येते तेही ऐकावे. 'पॅकेट मोठे आहे, एमटीयू इतका' असा निरोप येत असेल तर वाट निरोगी आहे. नुसतीच शांतता असेल तर आयसीएमपी अडतो आहे. लिनक्सवरचे ट्रेसपाथ हेच काम टप्प्याटप्प्याने करून एमटीयू कुठे घटला ते सांगते. हीच चाचणी उलट दिशेनेही करावी, कारण जायची आणि यायची वाट एकच असते असे नाही, आणि मोठी पॅकेट बहुतेक वेळा सर्व्हरकडून येणारी असतात.

यानंतर पॅकेट पकडायचे, तेही फायरवॉलच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी. इथली नेहमीची चूक म्हणजे पोर्टनुसार गाळणी लावणे. डीएनएसचा प्रश्न म्हणून पोर्ट ५३ची गाळणी लावली की पहिला तुकडाच दिसतो. बाकीच्यांत पोर्ट नसल्याने ते गाळणीत सापडत नाहीत, आणि 'पुढचे तुकडे आलेच नाहीत' असा खोटा निष्कर्ष निघतो. गाळणी दोन्ही यंत्रांच्या पत्त्यांनुसार लावावी. दोन्ही बाजूंच्या नोंदी ओळखक्रमांकावरून जुळवल्या की आत तीन गेले आणि बाहेर एक आला, हे हिशेबासारखे समोर येते. वायरशार्क तुकडे आपोआप जोडून पूर्ण पॅकेट शेवटच्या तुकड्याच्या ओळीत दाखवतो. घाईत पाहणाऱ्याला वाटते पहिले दोन भलतेच काही आहेत. ती सोय शोध संपेपर्यंत बंद ठेवणे बरे.

आणखी एक भास नेटवर्क कार्डामुळे होतो. आधुनिक कार्डे टीसीपीचे मोठे ढीग स्वतः कापतात किंवा आलेले एकत्र करतात. त्यामुळे यंत्रावरच पकडलेल्या नोंदीत कित्येक हजार बाइटांची पॅकेट दिसतात आणि कोणीतरी एमटीयू चुकल्याचे जाहीर करतो. तारेवर ती तशी नसतात. खात्री हवी असेल तर स्विचवरून वाहतुकीची प्रत काढून वेगळ्या यंत्रावर पाहावी.

एका छोट्या संदेशाकडे फार थोडे लोक पाहतात. तुकडे जोडण्याची वेळ संपली की शेवटचे यंत्र आयसीएमपीचा प्रकार ११, कोड १ हा संदेश पाठवते, पण पहिला तुकडा पोचला असेल तरच. हा संदेश दिसला तर एका फटक्यात कळते की पहिला तुकडा आला आणि पुढचा कुठेतरी गळाला. नेमके हेच वागणे पोर्ट पाहणाऱ्या, पण तुकडे न जोडणाऱ्या उपकरणाचे असते.

फायरवॉलवरचे मोजणीचे आकडे आता पाहावेत: जोडायला आलेले, जोडण्यात फसलेले, वेळ संपून टाकलेले, जागा नसल्याने टाकलेले. वेळ संपल्याचा आकडा वाढत असेल तर काही तुकडे फायरवॉलपर्यंत येतच नाहीत आणि दोष अलीकडे आहे. जागा अपुरी असल्याचा वाढत असेल तर खरोखर साठा लहान आहे, किंवा कोणी तो मुद्दाम भरते आहे.

दोन फायरवॉल एकाच वेळी काम करीत असतील तर एक खास सापळा असतो. त्यांच्यापुढचा राउटर वाहतूक वाटताना पत्ते आणि पोर्ट मिळून हिशेब करतो. पहिल्या तुकड्यात पोर्ट आहे, पुढच्यांत नाही, त्यामुळे हिशेब वेगळा येतो आणि एकाच पॅकेटचे तुकडे दोन वेगळ्या फायरवॉलकडे जातात. दोघीही उरलेल्यांची वाट पाहून टाकून देतात. दोन्हींच्या नोंदी स्वतंत्र पाहिल्या तर दोन्ही निर्दोष वाटतात. वाटणी फक्त पत्त्यांवर केली की हे थांबते.

आणि एक इशारा: एकाच स्विचवरच्या दोन यंत्रांपैकी एकावर ९००० बाइटांचा जंबो एमटीयू आणि स्विचवर १५००, असा प्रकार असेल तर तो फ्रॅगमेंटेशनचा बिघाड नाही. स्विच राउटर नसतो. तो मोठी फ्रेम मुकाट टाकतो, निरोप पाठवत नाही. लक्षणे मात्र तीच असतात.

उपायांमध्ये सर्वांत लोकप्रिय आहे एमएसएस क्लॅम्पिंग. टीसीपी जोडणी सुरू होताना दोन्ही यंत्रे आपण केवढा सेगमेंट घेऊ ते सांगतात. इथरनेटवर तो १४६० असतो. फायरवॉल वाटेत तो आकडा खाली लिहिते, पीपीपीओईसाठी १४५२, व्हीपीएनसाठी १३५०च्या आसपास, आणि मोठी पॅकेट जन्मालाच येत नाहीत. लिनक्सवर वाटेचा एमटीयू पाहून हे आपोआप करवता येते. उपाय गुणकारी आहे आणि टनेलच्या तोंडाशी तो असावाच. पण तो फक्त टीसीपीचा आहे. रेडियस, डीएनएस, सिप यांना त्याचा काडीचा उपयोग नाही. बहुतेक ठिकाणी क्लॅम्पिंग लावल्यावर ब्राउझर चालू लागतो, तक्रार बंद होते, आणि अडलेला आयसीएमपी तसाच राहतो. सहा महिन्यांनी फोन लागेनासे झाले की दुसरी तक्रार उघडते आणि कोणालाच पहिलीची आठवण नसते.

म्हणून मी आयसीएमपीला पहिला मान देईन. प्रकार ३ कोड ४ दोन्ही दिशांना जाऊ द्यावा. जोडण्यांचा माग ठेवणारी फायरवॉल संदेशाच्या पोटातले मूळ हेडर तपासून तो चालू जोडणीशी संबंधित आहे की नाही ते ठरवू शकते, तेव्हा सुरक्षेची भीती फार उरत नाही. पिंग बंद ठेवायचा असेल तर खुशाल ठेवावा, तो वेगळा प्रकार आहे. सर्व्हर आपल्या हातात असतील तर आरएफसी ४८२१ची पद्धत चालू करावी. तिच्यात टीसीपी आयसीएमपीची वाट न पाहता स्वतः आकार चाचपते. लिनक्समध्ये ती आहे, पण मुळात बंद असते.

डीएफ झेंडा फायरवॉलवरच पुसून टाकण्याचा उपायही सुचवला जातो. ज्यांना दुसरा मार्गच नाही त्यांच्यासाठी तो ठीक. एनएफएससारख्या वाहतुकीत काही यंत्रे डीएफ लावलेले तुकडे पाठवतात आणि पीएफ ते टाकते. तिथे झेंडा काढावाच लागतो. पण एरवी झेंडा पुसला की तुकडे पुन्हा सुरू होतात आणि त्यांच्यासोबत एक जुना धोका येतो. ओळखक्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ आकडे. सेकंदाला १ गिगाबिटच्या वेगाने १५०० बाइटांची पॅकेट पाठवली तर ते सगळे सेकंदभरात संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. जोडणारे यंत्र ३० सेकंद वाट पाहते. या पॅकेटाचा तुकडा त्या पॅकेटाला चिकटण्याची शक्यता आरएफसी ४९६३ने २००७मध्ये मांडली, आणि चेकसम अशी प्रत्येक चूक पकडतोच असे नाही.

साठ्याची मर्यादा वाढवणे हा माझ्या यादीतला शेवटचा उपाय आहे, आणि तोही तुकडे खरोखर आवश्यक आहेत असे सिद्ध झाल्यावर. रेडियससाठी तो लागू शकतो, तरी आधी सर्व्हरवरच प्रमाणपत्राचे भाग लहान ठेवण्याची सेटिंग करून पाहावी. व्हीपीएनच्या ओळखविधीतली मोठी पॅकेट अडत असतील तर २०१४च्या आरएफसी ७३८३ने आयकेईला, म्हणजे त्या ओळखविधीच्या प्रोटोकॉलला, स्वतःचे तुकडे स्वतः करायला शिकवले आहे. असे तुकडे आयपीच्या थरावर पूर्ण पॅकेट असतात, प्रत्येकावर पोर्ट असतो, आणि फायरवॉलला हरकत घ्यायचे कारण राहत नाही.

नव्या प्रोटोकॉलांची दिशाही हीच आहे. आयपीव्ही६मध्ये वाटेतला राउटर तुकडे करतच नाही. करायचे ते पाठवणाऱ्याने, आणि पुढची वाट अरुंद असल्याचे त्याला 'पॅकेट मोठे आहे' या आयसीएमपीव्ही६च्या प्रकार २ संदेशातून कळते. २०१६च्या आरएफसी ७८७२ने मोजून दाखवले की आयपीव्ही६चे तुकडे इंटरनेटवर मोठ्या प्रमाणात गळतात. क्विकने तर तुकडे करायला मनाईच केली आहे. किमान १२०० बाइटांचे पॅकेट वाटेने नेता आले नाही तर तिथे क्विक चालतच नाही, आणि ब्राउझर टीसीपीकडे वळतो. २०२०च्या आरएफसी ८९००चे नाव 'आयपी फ्रॅगमेंटेशन कन्सिडर्ड फ्रॅजाइल'. केंट आणि मोगल यांनी ज्याला घातक म्हटले होते, त्याला तेहतीस वर्षांनी इंटरनेट-मानकांच्या मंडळाने ठिसूळ म्हटले आणि नव्या प्रोटोकॉलांनी त्यावर अवलंबून राहू नये असे बजावले. जुने प्रोटोकॉल आणि टनेल त्यावर अवलंबून आहेत, हेही त्याच दस्तऐवजात मान्य केले आहे.

भारतात हा विषय उद्यासाठी ठेवण्यासारखा नाही. मोबाइलवर आयपीव्ही६ वापरणाऱ्या देशांत आपण आघाडीवर आहोत, आणि जिओसारख्या नेटवर्कवर जुन्या आयपीव्ही४ सेवा भाषांतर करून नेल्या जातात. आयपीव्ही६चे हेडर ४० बाइटांचे, आयपीव्ही४चे २०. तेव्हा १५०० बाइटांचे आयपीव्ही४ पॅकेट भाषांतरात १५२० होते, आणि ते मावले नाही की पाठवणाऱ्या सर्व्हरकडे तोच प्रकार ३ कोड ४चा संदेश जावा लागतो. तो सर्व्हर एखाद्या सहकारी बँकेचा, विद्यापीठाच्या निकालाचा किंवा रुग्णालयाच्या नोंदणीचा असतो. त्याच्यापुढच्या फायरवॉलवर कित्येक वर्षांपूर्वी लिहिलेली 'आयसीएमपी बंद' ही ओळ असते, आणि आयपीव्ही६ सुरू करताना बरेचदा तीच ओळ आयसीएमपीव्ही६साठीही उतरवून घेतलेली असते. तिथे तर शेजारच्या यंत्राचा पत्ता शोधणेसुद्धा त्याच संदेशांवर चालते. कोणते संदेश सोडायचे आणि कोणते अडवायचे याची यादी आरएफसी ४८९०मध्ये २००७पासून तयार आहे, आणि तिच्यात प्रकार २ सोडलाच पाहिजे अशांपैकी एक आहे.